डेल्कोचं बुश: एमजीबीच्या नोंदी, मार्च ते मे २०२४

गाडी एमजीबी रोडस्टर, १९६६ची. इंजिन १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक गाडीच्या सांगाड्याला), सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वेळेवर पाडून पाळीपाळीने सिलिंडरना वाटणारा भाग) लुकास २५डी४, अंगावर ४०८९७ हा आकडा ठोकलेला. नागपुरात कुठल्याही मेकॅनिकपुढे ‘डिस्ट्रिब्युटर’ म्हटलं तर तो क्षणभर थांबतो, मग म्हणतो, ‘हां, डेल्को!’ म्हणून इथून पुढे डेल्कोच.

रविवार, १० मार्च

सकाळी वाडीच्या पुढे अमरावती रोडला नेली. तीन हजार आरपीएमपर्यंत ठीक. त्याच्या वर गेलं की मिसिंग. ठराविक तालात नाही, कधी एक ठोका गाळते, कधी तीन. आयडलला उभी असताना आरपीएमचा काटा सहाशे आणि आठशेच्या मध्ये हिंडतो. परत येताना सिग्नलला दोनदा बंद पडली.

बाबांना सांगितलं. गाडी त्यांची, वय ८४, आता फक्त शेजारच्या सीटवर बसतात आणि निकाल देतात. निकाल: ‘कार्ब्युरेटरमध्ये कचरा.’ मी शाळेत फिजिक्स शिकवते, ते आयुष्यभर सिव्हिल इंजिनिअर होते. म्हणजे घरात दोघांनाही आपलंच बरोबर वाटायची सवय.

रविवार, १७ मार्च

अख्खा रविवार कार्ब्युरेटरवर गेला. दोन्ही फ्लोट चेंबर उघडले, सुई-सीट साफ केल्या, जेट खालीवर करून पाहिले, पिस्टन बोटाने उचलून सोडला तर दोन्ही ‘ठक’ असा स्वच्छ आवाज करत बसले. डॅशपॉटमध्ये तेल भरलं. कचरा निघाला तो चिमटीभर, त्याने काही अडत नव्हतं. गाडी जोडून पाहिली, मिसिंग जशीच्या तशी.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हात मात्र दिवसभर पेट्रोलने पांढरे पडले होते.

रविवार, २४ मार्च

टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून ती केव्हा पडते ते दाखवणारी बत्ती) लावून पाहिली. हे दोन आठवडे आधी करायला हवं होतं.

या जुन्या एमजीबीत टायमिंगच्या खुणा पुलीच्या खालच्या अंगाला आहेत. वरून दिसत नाहीत. गाडी स्टँडवर घेऊन खाली आडवं व्हायचं, एका हातात लाइट, केस मागे बांधलेले, आणि नाकापासून वीतभर अंतरावर फॅन बेल्ट फिरतोय. पुलीवर एक खाच आहे आणि टायमिंग कव्हरवर दर्शक दाते: शून्य, पाच आणि दहा अंश. खाचेत पांढरा नेलपॉलिश भरला.

लाइटच्या उजेडात ती पांढरी रेघ एका जागी थांबलेली दिसायला हवी. ती नाचत होती. दोन-तीन अंशांत नाही, चांगली सात-आठ अंशांत. मध्येच दोन वेगळ्या रेघा असाव्यात असा भास व्हायचा.

इंजिन बंद केलं, कॅप काढली, रोटरचं (शाफ्टच्या डोक्यावर बसून फिरणारा तुकडा) टोक धरून आडवं हलवलं. हललं. रोटर थोडा फिरतो ते बरोबर आहे, खालच्या स्प्रिंगविरुद्ध तो फिरून परत यायलाच हवा. पण हा बाजूला सरकत होता, सैल दातासारखा. बाबांना हात लावायला दिला. त्यांनी दोनदा हलवलं आणि म्हणाले, ‘बुश गेलं.’ म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी झिजली. कार्ब्युरेटरचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही नाही.

संध्याकाळी होळी. पुरणाचं सगळं आईने केलं, माझे हात कशालाच लावण्यासारखे नव्हते.

रविवार, ३१ मार्च

काढण्याआधी मोजून ठेवलं, कारण काढल्यावर मोजायला काही उरत नाही.

पॉइंट म्हणजे डेल्कोतला स्विच: शाफ्टवरच्या कॅमचा उंचवटा (लोब) त्याला उघडतो आणि ठिणगी पडते. त्याची फट चारही लोबवर फीलर गेजने घेतली. असायला हवी १४ ते १६ थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ). एका लोबवर १५ बसवली तर बाकी तिघांवर १२, १७ आणि १३ आली. ड्वेल (पॉइंट मिटून राहतो तेवढे अंश) दाखवणाऱ्या मीटरचा काटा ६० अंशांवर असायला हवा, तीन इकडे-तिकडे चालतात. माझा ५१ ते ६३ असा झुलत होता.

मग शाळेच्या प्रयोगशाळेतला डायल गेज (परवानगीने) आणून शाफ्टच्या डोक्याला लावला. आडवा हेलकावा ०.१८ मिमी, म्हणजे सात थाउ. पंधरा थाउच्या फटीत सात थाउचा हेलकावा! पॉइंट उघडतो किती आणि केव्हा, हे कॅम ठरवत नव्हता, शाफ्ट त्या क्षणी कुठल्या बाजूला कललाय ते ठरवत होतं. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतो, टायमिंग पुढे सरकतं. फट घटली की मागे. चार सिलिंडरला चार वेगळी टायमिंग.

आणि मिसिंग तीन हजारांवरच का, तेही आता जुळतं. चार सिलिंडरच्या इंजिनात तीन हजार आरपीएमला सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. एका ठिणगीच्या वाट्याला दहा मिलिसेकंद. ड्वेल ६० अंश असेल तर ९० पैकी ६० अंश कॉइल भरत राहते, म्हणजे साधारण पावणेसात मिलिसेकंद. ड्वेल ५१ वर घसरला की पावणेसहाच्याही खाली. वेग जितका जास्त तितकी कॉइल उपाशी. ही आकडेमोड फळ्यावर मी कितीदा तरी केली असेल, आरसी-आरएल सर्किटच्या नावाखाली. आपल्याच गाडीखाली झोपल्याशिवाय ती अंगी लागली नाही.

रविवार, ७ एप्रिल

डेल्को बाहेर. काढताना ब्लॉकवर आणि डेल्कोच्या अंगावर खूण केली, रोटर कुठे पाहतोय त्याचा फोटो घेतला. खालचा क्लँप सोडला नाही, त्याचे ब्लॉकमध्ये जाणारे दोन स्क्रू काढले. तेवढ्याने परत लावताना टायमिंग निदान जवळपास तरी राहतं.

उघडल्यावर एकेक गोष्ट निघत गेली. पॉइंट ज्या हलत्या पट्टीवर बसतो तिची अर्थची विणलेली तार शेवटच्या तीन-चार धाग्यांवर लटकत होती. मिसिंगमध्ये तिचाही वाटा असणार. व्हॅक्यूमच्या डबीची (इंजिनच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारी) नळी तोंडाने ओढून जिभेने बंद केली: जीभ चिकटून राहायला हवी, सुटली. पडदा फाटलाय. डबीच्या अंगावर ५-१३-१० असं ठोकलेलं आहे: पाच इंच पाऱ्याला ओढायला सुरुवात, तेराला पूर्ण, आणि डेल्कोचे जास्तीत जास्त दहा अंश. ती विलायतेहून मागवावी लागेल.

खाली वेगाबरोबर बाहेर फेकली जाऊन टायमिंग पुढे नेणारी वजनं आणि दोन स्प्रिंगा. एक बारीक, एक जाड, आणि जाडीचा फासा मुद्दाम सैल. हे बिघाड म्हणून कुणी ‘दुरुस्त’ करू नये. कमी वेगाला बारीक स्प्रिंग एकटी काम करते, वेग वाढल्यावर जाड कामाला लागते, म्हणून अ‍ॅडव्हान्स (ठिणगी जितके अंश आधी पडते ते) आधी भरभर आणि मग सावकाश वाढतो. कॅमच्या पायावर १० हा आकडा आहे. डेल्कोचे दहा अंश म्हणजे क्रँकचे वीस.

खालच्या डॉगची (शाफ्ट इंजिनाशी जोडणारा तुकडा) पिन ठोकून काढायच्या आधी डॉग आणि शाफ्ट दोन्हीवर पंचाने एकेक ठिपका मारला. डॉगची जीभ मध्यावर नाही, एका बाजूला सरकलेली आहे, म्हणून डेल्को इंजिनात एकाच पद्धतीने बसतो. पण डॉग शाफ्टवर दोन पद्धतींनी बसू शकतो. ठिपका मारल्यावर मला माझंच फार कौतुक वाटलं. (५ मेची नोंद वाचा.)

शाफ्ट मायक्रोमीटरखाली घेतला. बुशच्या वरच्या तोंडाशी नखाला लागेल अशी पायरी पडली आहे. नुसतं बुश बदलून भागणार नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

गुढीपाडवा. सेंट्रल अव्हेन्यूच्या मागच्या गल्लीतलं जुन्या स्पेअरचं दुकान पूजेपुरतं उघडं होतं. अ‍ॅम्बेसेडरचा एक मेलेला डेल्को मिळाला, तोही २५डी४, लुकास-टीव्हीएसचा. सातशे रुपये, पेढा धरून.

अ‍ॅम्बेसेडर आणि एमजीबी एकाच घराण्यातल्या. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि माझं १७९८चं, दोन्ही बीएमसीच्या बी-सिरीजचे भाऊ, एक नोकरीला लागलेला, एक उनाड. म्हणून पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप यांच्यासाठी मला कधी समुद्र ओलांडावा लागला नाही. दुकानदार म्हणाला, ‘हाच आख्खा बसवून टाका ना ताई, कायले परेशान होऊन राहिल्या?’ बसला असता. गाडीही चालली असती. पण याच्या कॅमच्या पायावर १३ आहे, म्हणजे क्रँकचे २६ अंश. स्टॅटिक (इंजिन बंद असताना बसवलेलं टायमिंग) १० वर बेरीज ३६. एवढ्या अ‍ॅडव्हान्सला ८.८ कॉम्प्रेशनचं इंजिन आपल्या पेट्रोलवर खडखड वाजेल आणि तशीच दामटली तर एक दिवस पिस्टन मागेल. डेल्को दिसायला सारखे असतात, त्यांचा स्वभाव त्या आकड्यात आणि स्प्रिंगांत असतो.

दुसरा सल्ला प्रत्येक जण देतो: इलेक्ट्रॉनिक लावा. माझी गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, सहज मिळणारे किट निगेटिव्हचे. आणि हलणाऱ्या शाफ्टवर लावलेलं इलेक्ट्रॉनिकही हलणारच.

याचा शाफ्ट मात्र छान निघाला. पायरी नाही. बुश माझ्यापेक्षा खराब. ठरलं: शाफ्ट याचा, कॅम-वजनं-स्प्रिंगा माझ्या, बुश नवीन. दुकानात बुश सुटं नव्हतं. ‘लेथवाल्याकडून गनमेटलचं काढून घ्या.’

शनिवार, १३ एप्रिल

हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्या दादांनी गनमेटलचं बुश काढून दिलं, माझ्यासमोर, चहा पीत. साडेचारशे रुपये. काम सुरेख, आरशासारखं. शाफ्ट जरा घट्ट गेला म्हणून त्यांनी रीमर (भोक आतून किंचित मोठं करणारं हत्यार) फिरवला, मग लोण्यासारखा गेला.

घरी आणून डेल्कोचं अंग व्हाइसमध्ये धरलं, शाफ्टचं खालचं टोक ड्रिलच्या चकमध्ये. डेल्को वरून पाहिला तर उलटा, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरतो. खालून पकडला की ड्रिलची सरळ दिशाच बरोबर येते. हे कागदावर हाताची बोटं फिरवून तीनदा तपासलं. पंधराशेवर फिरवलं, म्हणजे इंजिनचे तीन हजार.

आठ मिनिटांत अंग हाताला चटका बसेल इतकं तापलं, बाराव्या मिनिटाला ड्रिलचा आवाज जड झाला. बंद केलं. शाफ्ट काढला तर त्यावर पिवळी रेघ ओढलेली. तेल भरपूर घातलं होतं, पण ते दोन मिनिटांत खाली गळून गेलं होतं.

सोमवार, १५ एप्रिल

कूलरवाला आला. दर एप्रिलला येतो, ताट्या बदलतो, पंप पाहतो, मोटरला तेल देतो. शेडमध्ये ड्रिल ठेवायला गेला तर बाकावरचं बुश उचलून बघायला लागला.

‘मॅडम, हे कायचं?’

सांगितलं. त्याने बुशवर तेलाचा थेंब टाकला, बोटाने पुसला, मला दाखवलं. ‘हे गनमेटल तेल पीत नाही जी. वरच्या वर राहते. मोटरमध्ये आम्ही सिंटरचं टाकतो. ते तेल पिऊन बसते, गरम झालं की सोडते, थंड झालं की परत पिते.’ त्याने पेटीतून पंख्याच्या मोटरचं एक छोटं बुश काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मळकट, मातकट, गनमेटलच्या शेजारी अगदी गरीब दिसणारं. अंगठ्याने दाबून धरलं तर उन्हाच्या उबेने कडेला तेलाचा ओलावा आला.

धातूची भुकटी दाबून भाजलेलं बुश, सच्छिद्र, हे मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं तर लिहिलंही असतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये तर स्पष्ट आहे: बुशला आतून रीमर अजिबात लावू नका, छिद्रं बुजतात. मी ते पान वाचूनच लेथवाल्याकडे गेले होते. लेथवाल्या दादांची चूक नाही, त्यांना जे मागितलं ते त्यांनी उत्तम दिलं.

कूलरवाल्याकडची बुशं लहान. पण कुठे शोधायचं ते आता कळलं, आणि काय मागायचं तेही.

शनिवार, २० एप्रिल

काल मतदान होतं, सगळं बंद. आज शाईच्या बोटानेच इतवारीत लोखंडी सामानाच्या दुकानांची लोहाओळ पालथी घातली. सिंटरची बुशं पोत्याने आहेत, पण मेट्रिक मापांत. माझा शाफ्ट इंचातला, साडेबारा मिमीला किंचित कमी, त्याला मेट्रिकमध्ये कुणी नातेवाईक नाही. मोठं घेऊन चालत नाही, लहान घेऊन आतून कापायचं नाही.

शेवटी एका दुकानदारानेच सदरला राहणाऱ्या एका निवृत्त सरकारी मेकॅनिक काकांचा पत्ता दिला. हिवाळी अधिवेशनात विधान भवनाच्या दारात अ‍ॅम्बेसेडरच्या रांगा लागत तेव्हा त्या रांगा चालत्या ठेवणाऱ्यांपैकी ते एक. गॅलरीत बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे. तिसऱ्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दोन लांब बुशं. मळकट, मातकट. मला बघता क्षणी कळलं.

पैसे घेईनात. म्हणाले, ‘गाडी घेऊन या एकदा, पाहतो तरी जी.’ एक बुश मला दिलं, दुसरं परत गुंडाळून ठेवलं. ‘असू दे, कोणी येईन.’

रविवार, २१ एप्रिल

बुश चाळीस ग्रेडच्या इंजिन ऑइलमध्ये बुडवून बरणीत ठेवलं. मॅन्युअल म्हणतं निदान चोवीस तास. घाई असेल तर तेल शंभर अंशांपर्यंत दोन तास तापवून त्यातच निवू द्यायचं. घाई नाही. बरणी गच्चीवर उन्हात ठेवली, नागपूरचा एप्रिल फुकट मिळतोच आहे. पहिल्या तासात बारीक बुडबुडे येत होते, सोड्याच्या बाटलीसारखे. आईने लोणच्याची बरणी का घेतली म्हणून विचारलं. उत्तर दिलं नाही.

रविवार, २८ एप्रिल

आठवडाभर भिजलं. जुनं गनमेटल दाबून काढलं. नवीन बसवायला लेथवाल्या दादांनी खांदा असलेला एक गज काढून दिला, शाफ्टच्याच मापाचा, पॉलिश केलेला. गज बुशच्या आत, खांदा बुशच्या तोंडावर, सगळं व्हाइसच्या जबड्यांत, आणि हळूहळू आवळत नेलं. हातोडा नाही. हे बुश ठिसूळ असतं, एक ठोका वेडावाकडा बसला की कड निघते. आणि आत गज असल्याने दाबताना भोक आक्रसत नाही. हे मॅन्युअलमध्ये दोन ओळींत आहे, हातांना दीड तास लागला.

बसल्यावर तेल निथळायच्या भोकातून ड्रिल घालून बुशलाही भोक पाडलं, आतली कड साफ केली, भुगा फुंकून काढला.

शाफ्ट घट्ट गेला. रीमरकडे बघितलंसुद्धा नाही. तेल लावून ड्रिलवर कमी वेगात दहा मिनिटं, थांबा, निवू द्या, परत दहा. चौथ्या खेपेला बोटाने फिरू लागला. पंधराशेवर अर्धा तास: कोमट. डायल गेज: ०.०२ मिमी, तोही मला दिसावा म्हणून हट्टाने पाहिला तेव्हा.

रविवार, ५ मे

जोडणी. जुन्या डेल्कोतून घेतलेल्या शाफ्टची प्लेट साफ केली, वजनांच्या खुंट्यांना तेलाचा थेंब, माझ्या वजना-स्प्रिंगा, माझा १० वाला कॅम. खाली वॉशर बदलून उभा प्ले कमी केला. अर्थची नवी विणलेली तार. कंडेन्सर मल्टिमीटरवर ०.२२ मायक्रोफॅरड (०.१८ ते ०.२४ चालतो). रोटर रिव्हेट नसलेला शोधून लावला. रिव्हेटवाल्यांत कधी कधी करंट रिव्हेटमधून थेट शाफ्टला उडी मारतो आणि मग माणूस महिनाभर कॉइलला शिव्या देतो. कॅमला बोटाच्या टोकाएवढं ग्रीस. रोटरखालच्या फेल्टला दोन थेंब. चारही लोबवर फट: १५, १५, १४, १५.

डेल्को बसवला, चावी फिरवली. खोकली. परत फिरवली, तर मागच्या कार्ब्युरेटरमधून असा फटाका सुटला की शेजारच्या गच्चीवरची पारवी उडाली. बाबा खुर्चीतून म्हणाले, ‘एकशे ऐंशी.’

डॉग उलटा. ७ एप्रिलला मारलेला तो कौतुकाचा ठिपका माझ्या जुन्या शाफ्टवर होता. शाफ्ट बदलला, ठिपका गेला, डॉगवरच्या एकट्या ठिपक्यावर भरवसा ठेवून मी पिन ठोकली.

बाबा म्हणाले, ‘चारही वायर दोन घरं पुढे सरकव, झालं.’ तेही खरं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, वायरी समोरासमोर बदलल्या की इंजिनला काही फरक पडत नाही. तसं केलं, आणि सुरू झाली. आयडलला काटा स्थिर. तिथेच मला रात्रीचं जेवण गोड लागलं. पण हे असं ठेवणार नाही. उद्या दुसरं कुणी मॅन्युअल उघडून एक नंबर शोधायला गेलं तर त्याला तीन रविवार शिक्षा कशाला?

रविवार, १२ मे

पिन काढली, डॉग फिरवला, नवी पिन, वायरी आपापल्या घरी. ह्या कॅपमध्ये वायर आत खुपसून टोकदार स्क्रूने पकडायची असते. तांब्याच्या तारेची वायरच लागते, कार्बनची लावली तर स्क्रू धरायला काही सापडत नाही.

मग पुन्हा पाठीवर, लाइट घेऊन. पुलीवर फक्त एकच खाच, आणि दर्शक दहापर्यंतच. त्यापुढचा अ‍ॅडव्हान्स बघायला पुलीचा घेर दोऱ्याने मोजला, दोऱ्याचे अठरा भाग केले. एक भाग म्हणजे २० अंश. तेवढ्या अंतरावर फिरण्याच्या बाजूला दुसरी पांढरी खूण केली. ही खूण १० च्या दात्यासमोर आली की समजायचं ३०.

व्हॅक्यूमची नळी काढून बंद केलेली (डबी अजून वाटेत आहे). ६०० आरपीएमला १४ अंश, पुस्तकात आहे तेवढेच. वर नेत गेले तशी खूण सलग सरकत गेली, उडी नाही, थरथर नाही. अडीच हजारांला दुसरी खूण १० च्या दात्यावर येऊन थांबली आणि तीन हजारांलाही तिथेच. म्हणजे ३०. ड्वेल ५९ ते ६१.

बाबांना खाली वाकून दाखवता येत नाही म्हणून फोनवर व्हिडिओ काढला. त्यांनी तो तीनदा पाहिला आणि मग फॅन बेल्टला भेग आहे असं सांगितलं. आहे.

रविवार, १९ मे

पहाटे साडेपाचला निघालो, नंतर ऊन बसू देत नाही. फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सचा चढ, मुद्दाम टॉप गिअरमध्ये. वर पोचता पोचता बारीक खडखड वाजली, डब्यात हरभरे हलवल्यासारखी. थांबून डेल्कोच्या बाजूचा खाचांचा नट ‘आर’च्या (रिटार्ड, म्हणजे मागे) दिशेने क्लिक-क्लिक फिरवत दोन अंश मागे घेतले. दुसऱ्या फेरीला वाजली नाही. स्टॅटिक आता ८.

मग अमरावती रोड. तीन हजार, साडेतीन, चार. एकही ठोका गाळला नाही. बाबा काही बोलले नाहीत, फक्त हात खिडकीच्या काठावर ठेवून बसले होते, तोही बोटांनी ताल न धरता. वाडीजवळ चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, ‘कार्ब्युरेटर साफ केल्याचा फरक पडला.’

येताना सदरला वळलो. काका बनियनवरच खाली आले, बॉनेट उघडायला लावलं, कॅप स्वतः काढली, रोटर धरून आडवा हलवला. दोनदा. कॅप परत लावली, क्लिपा बसवल्या, आणि आत जाऊन दुसरं बुश घेऊन आले. वर्तमानपत्रासकट माझ्या हातात दिलं.

बाकी: व्हॅक्यूम डबी आली की लावणे. तोपर्यंत संथ चालीत पेट्रोल थोडं जास्त जाईल. फॅन बेल्ट. पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालणे, त्या आत्ताच चिकट लागतात. लोणच्याची बरणी नवीन घेणे.